मुडदा, पैसा आणि घड्याळ : काळ्या विनोदाचे गुन्हेपट एवढे का आवडतात?

कातरकाम

धाग्यात रहस्यभेद ठासून भरलेले आहेत. 'ब्लड सिंपल', 'फार्गो', 'अंधाधुन' ज्यांना कोरे बघायचेत त्यांनी इथूनच मागे फिरावं.

खून झाला की प्रेक्षक अंग चोरून बसतो आणि पाच मिनिटांनी त्याच खुनावरून हशा पिकतो. हे होतं कसं? "विकृत विनोदबुद्धी" हे उत्तर नेहमी मिळतं आणि त्यातून काहीच उलगडत नाही. माझं म्हणणं असं की या सिनेमांत हसू येतं ते गुन्ह्यामागच्या कामाचं. गुन्ह्याला सामान लागतं, वाहन लागतं, वेळ लागतो, भरवशाची माणसं लागतात. नेहमीच्या गुन्हेपटात ही हमाली दोन दृश्यांच्या फटीत उरकली जाते. गोळी सुटली, कट, दुसऱ्या दिवशी सकाळ. काळ्या विनोदाचा दिग्दर्शक तो कट मारतच नाही.

नमुना म्हणून कोएन बंधूंचा पहिला सिनेमा घ्या, 'ब्लड सिंपल' (१९८४). रे नावाचा माणूस बारच्या मागच्या खोलीत येतो. प्रेयसीचा नवरा खुर्चीत गोळी लागून पडलाय. खून तिनेच केला असं रे गृहीत धरतो आणि पुसापुशीला लागतो. हाताशी काय, तर स्वतःचं विंडचीटर. नायलॉनचं! नायलॉन रक्त शोषत नाही, नुसतं इकडून तिकडे ढकलतं. डाग होता वीतभर, तो होतो हातभर. मग मुडदा गाडीच्या मागच्या सीटवर, मग निर्जन रस्त्यावर कळतं की मुडदा अजून मुडदा झालेलाच नाही. दुसऱ्या दिवशी सीटवर अंथरलेल्या कापडातून रक्त पुन्हा वर येतं. या सगळ्यात एक विनोदी वाक्य नाही, एक तोंड वेडंवाकडं केलेलं नाही. कापड शोषत नाही, बस्स, एवढ्यावर तो प्रसंग उभा आहे.

तुमची मतं येऊ द्या. नुसत्या याद्या नकोत, प्रसंग कसा चालतो ते लिहा.

शेवटची_रांग

अर्धवट पटलं. त्या विंडचीटरवर थिएटरात कोणी खो खो हसत नाही, तिथे घशाला कोरडच पडते. हसू येतं माणसाच्या आखूड बुद्धीचं, आणि ते मोजायचं साधन म्हणजे पैसा. 'फार्गो' (१९९६) चा हिशेब मांडून बघा.

जेरी मोटारींच्या शोरूममध्ये नोकरीला. सासऱ्याकडून पैसा काढायचा म्हणून तो स्वतःच्या बायकोचं अपहरण करवतो. अपहरणकर्त्यांना सांगतो खंडणी ८० हजार डॉलर, त्यातले ४० हजार तुमचे, वर एक नवी गाडी. सासऱ्याला सांगतो १० लाख. वाटेत एक पोलिस आणि दोन वाटसरू मारले जातात तेव्हा अपहरणकर्त्यांपैकी कार्ल फोनवर भाव वाढवतो: आता आम्हाला पूर्ण ८० हजार पाहिजेत! मोठा डाव टाकल्याच्या थाटात. मधल्या ९ लाख २० हजारांबद्दल प्रेक्षकाला माहीत आहे, त्याला नाही.

पुढे जबड्यात गोळी खाऊन तो बॅग उघडतो तर आत १० लाख. ८० हजार बाजूला काढतो, उरलेले बर्फात कुंपणाच्या एका खांबाशी पुरतो. खूण काय ठेवावी? काचेवरचा बर्फ खरवडायची लाल खरवडणी. मग तो डावीकडे बघतो: कुंपण क्षितिजापर्यंत. उजवीकडे बघतो: तेच कुंपण, तेच खांब, तोच बर्फ. परत जाऊन साथीदाराला ४० हजार देतो आणि गाडी कोणाची यावरून वाद घालतो. साथीदार म्हणतो गाडीचेही दोन हिस्से. कार्ल उडवून लावतो. कुऱ्हाड.

९ लाख २० हजार पुरून आलेला माणूस अर्ध्या गाडीसाठी मेला. यात काम कुठे आलं? हा निव्वळ हावरटपणा आहे.

मसीबिंदू

@शेवटची_रांग, तुम्ही दोघं एकच गोष्ट बोलताय. हावरटपणा सगळ्याच गुन्हेपटांत असतो. इथे तो खरवडणीपर्यंत खाली आणलाय, म्हणून हसू.

ती वस्तू आधीही येऊन गेलेली असते. सासरा आणि त्याचा माणूस जेरीच्या व्यवहारातून त्याला अलगद बाजूला करतात, तो बाहेर येतो. वाहनतळ वरून दाखवलंय, पांढऱ्या पसाऱ्यात एकटी गाडी. जेरी काच खरवडायला लागतो, मध्येच संतापून आदळआपट करतो आणि मग मुकाट्याने पुन्हा खरवडायला लागतो. संताप आला तरी काच साफ केल्याशिवाय घरी जाता येत नाही! अख्ख्या सिनेमाचा सूर त्या एका शॉटमध्ये लागलाय.

अवांतर: सुरुवातीला "ही सत्यघटना आहे" अशी पाटी येते, ती थाप आहे. पण उपयोगी थाप. खरं घडलंय म्हटल्यावर प्रेक्षक योगायोग पचवतो आणि हसताना थोडा ओशाळतो. तो ओशाळेपणा या प्रकाराला लागतोच.

रसिकलाल

चर्चा छान चालली आहे. आपल्याकडच्या शास्त्रात हा पेच फार पूर्वी मांडलेला आहे. विश्वनाथाच्या साहित्यदर्पणात रसविरोधाची यादी आहे, तिथे हास्याचे वैरी म्हणून भयानक आणि करुण सांगितलेत. म्हणजे शास्त्राप्रमाणे हे सिनेमे चालायलाच नकोत. पण आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात विरोधी रस एकत्र आणायच्या युक्त्याही दिल्या आहेत. पैकी दोन इथे नेमक्या लागू पडतात.

एक, आश्रय वेगळे करा. भीती एकाच्या ठायी, हास्य दुसऱ्याच्या. 'फार्गो'त जेरीच्या बायकोची भीती खरी आहे. हास्यास्पद ठरतात ते तिला पळवणारे. हाच नियम मोडला की सिनेमा हिडीस होतो.

दोन, दोन वैऱ्यांच्या मध्ये तिसरा रस बसवा. 'पल्प फिक्शन' (१९९४) मधला गाडीतला प्रसंग घ्या. भाडोत्री मारेकरी व्हिन्सेंट मागे वळून मार्विनशी गप्पा मारतोय, साथीदार जूल्स गाडी चालवतोय, पिस्तूल हातात, आणि ते सुटतं. बीभत्स तर आहेच. पण हशा लगेच येत नाही. मध्ये काही क्षण निव्वळ अचंबा आहे: मारणारा स्वतःच चकित, "हे झालं कसं?" यावर वाद. हा अद्भुताचा पूल. तो ओलांडल्यावर जूल्स आणि व्हिन्सेंट दुसऱ्याच्या न्हाणीघरात टॉवेलला रक्ताचे डाग पाडल्यावरून भांडतात, तेव्हा आपण बिनदिक्कत हसतो.

पाश्चात्त्यांपैकी बर्गसाँने १९०० साली हास्यावर लिहिताना हसण्यासाठी हृदयाला क्षणभर भूल द्यावी लागते असं म्हटलंय. शब्द महत्त्वाचा तो "क्षणभर". भूल उतरलीच नाही तर ते नुसतं कार्टून.

शेवटची_रांग

टॉवेलला रसशास्त्र लावलेलं पहिल्यांदाच पाहिलं. पण आश्रयाचा मुद्दा बिनतोड.

मीटर_डाऊन

हिंदीतले दोन राहून चाललेत.

'जाने भी दो यारो' (१९८३, कुंदन शाह). आयुक्त डिमेलोचं प्रेत हा त्यातला सगळ्यात कष्टाळू नट. जिवंतपणी जेवढा हिंडला नसेल तेवढा मेल्यावर हिंडतो. दारूच्या नशेत बिल्डर आहुजा रस्त्यावरच्या शवपेटीला मोटार समजतो, आत बसलेल्या प्रेताला बंद पडलेल्या गाडीचा चालक समजून मदत देऊ करतो. शेवटी ते प्रेत महाभारताच्या नाटकात द्रौपदी होऊन उभं राहतं. पण इथे विनोदाचं इंजीन वेगळं आहे: प्रत्येकाला ते प्रेत हवंय, कारण ते पुरावा आहे. बिल्डरला, त्याच्या प्रतिस्पर्ध्याला, संपादिकाबाईंना, आपल्या दोन छायाचित्रकारांना. नाट्यगृहातला गोंधळ कितीही वाढला तरी कोणाला काय पाहिजे हे प्रेक्षक एका क्षणात सांगू शकतो, म्हणून तो गोंधळ कंटाळवाणा होत नाही. आणि मग शेवट: कैद्यांच्या कपड्यातले ते दोघं गळ्यावरून हात फिरवतात, मागे "हम होंगे कामयाब". इतका वेळ दिलेली भूल त्या एका हालचालीत उतरते.

'अंधाधुन' (२०१८, श्रीराम राघवन) माहितीवर चालतो. आंधळ्याचं सोंग घेतलेला पियानोवादक आकाश, समोर प्रेत, आणि मेलेल्याची बायको सिमी व तिचा प्रियकर ते हलवतायत. आकाश वाजवतोय. पियानो चालू असल्यामुळे त्या दोघांना बोलायची सोयच नाही, सगळं खाणाखुणांनी, मूकपटासारखं. प्रेक्षकाला माहीत आहे की आकाशला दिसतंय. त्यांना माहीत नाही. आकाशला माहीत आहे की त्यांना माहीत नाही, पण बोटं थांबली तर कळेल. एकाच खोलीत माहितीचे तीन मजले. पुढे तो तक्रार द्यायला पोलिस ठाण्यात जातो आणि समोरचा अधिकारी तोच प्रियकर निघतो. मूळ कल्पना एका फ्रेंच लघुपटातली, पण हा डोलारा इथला.

कातरकाम

@मीटर_डाऊन, मजल्यांचा मुद्दा मोलाचा. 'ब्लड सिंपल'मध्ये हे टोकाला नेलंय: घडलंय काय हे सिनेमातल्या एकाही जिवंत माणसाला शेवटपर्यंत पूर्ण कळत नाही. रेला वाटतं प्रेयसीने, म्हणजे अॅबीने, मारलं, अॅबीला वाटतं नवरा जिवंत आहे आणि आपल्या मागावर आहे. सगळं ठाऊक असलेला एकटा प्रेक्षक. देवाच्या खुर्चीत बसवून घेतल्यावर माणूस हसतोच.

'अंधाधुन'च्या त्या दृश्याबद्दल एक तांत्रिक गोष्ट. संकलन पूजा लढा सुरती यांचं. तिथे घाई नाही. गुन्हेपटाचा संकलक सवयीने ताण वाढला की शॉट आखूड करत जातो. काळ्या विनोदात उलटं करावं लागतं, कारण विनोदाला कारण आणि परिणाम एकाच चौकटीत लागतात. प्रेत ओढणारा आणि पियानो वाजवणारा एकत्र दिसले पाहिजेत. त्यांचे वेगळे क्लोजअप लावले की थरार उरतो, गंमत जाते. आणि प्रतिक्रियेचा शॉट नेहमीपेक्षा अर्धा-पाऊण सेकंद जास्त धरायचा, म्हणजे बारा ते अठरा फ्रेम. त्याहून कमी ठेवला तर प्रेक्षकाला दुवा जुळवायला वेळ मिळत नाही. फार जास्त ठेवला तर "हसा आता" असं सांगितल्यासारखं होतं.

बूममाईक

आवाजाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

पार्श्वसंगीत विनोदी असलं की खेळ खलास. टुणुक टुणुक वाजणारा बसून (खर्जातलं फुंकवाद्य) आणि प्रत्येक घसरगुंडीला झांज, हे म्हणजे विनोदाची आगाऊ सूचना. 'फार्गो'त कार्टर बरवेलने नॉर्वेजियन लोकगीताची चाल घेऊन तिचं भव्य, शोकगंभीर संगीत केलं. पडद्यावर एक फडतूस गाडी बर्फातून दुसरी गाडी ओढत नेतेय आणि वाजतंय जणू साम्राज्य कोसळल्यासारखं. संगीत त्या माणसांना त्यांच्याएवढंच गंभीरपणे घेतं.

दुसरं, ओले आवाज. हाड, मांस, चिखल यांचे आवाज ध्वनिपट्टीवर जितके वर आणाल तितकी किळस वाढते आणि हसू मरतं. ते खाली ठेवून यंत्राचे, वस्तूंचे कोरडे आवाज वर ठेवायचे. 'फार्गो'तला लाकूड चिरडायच्या यंत्राचा प्रसिद्ध प्रसंग ऐका, बघू नका. यंत्राची घरघर एवढी आहे की पोलिसप्रमुख मार्ज ओरडून "पोलिस" म्हणते ते मारेकऱ्याला ऐकूच जात नाही. ती पुन्हा ओरडते. शेवटी टोपीवरच्या बिल्ल्याकडे बोट दाखवते. समोर माणसाचा पाय यंत्रात ढकलला जातोय आणि अडचण काय, तर आवाज पोचत नाही!

निळी_शाई

मार्जचं नाव निघालंच आहे तर सांगते. धाग्याच्या सुरुवातीला म्हटलंय की हसू कामाचं. मग मार्ज बघाच. सात महिन्यांची गरोदर पोलिसप्रमुख, सिनेमाचा जवळजवळ तिसरा हिस्सा संपल्यावर येते (फ्रान्सेस मॅक्डॉर्मंडला याच भूमिकेचं ऑस्कर). बर्फातल्या पावलांवरून सांगते की एक धिप्पाड होता, एक किरकोळ. मेलेल्या पोलिसाच्या वहीत गाडीच्या नंबराच्या जागी "डीएलआर" लिहिलंय. सहकारी त्या अक्षरांनी सुरू होणारे नंबर शोधत बसलाय. ती सौम्यपणे सांगते, बाबा, ती शोरूमच्या गाडीची तात्पुरती पाटी असणार, डीलरची. दोन मिनिटांत तपास योग्य वाटेला.

गुन्हेगारांचं प्रत्येक काम फसतं आणि हिचं प्रत्येक काम नीट होतं, तेही आरडाओरडा न करता. या शैलीतल्या सिनेमात असा एक सरळ माणूस लागतोच. 'द लेडीकिलर्स' (१९५५) मध्ये ती मिसेस विल्बरफोर्स. पाच दरोडेखोरांचा म्होरक्या तिच्या घरात भाडेकरू म्हणून येतो, सगळे मिळून वाद्यवृंदाची तालीम चालल्याचं भासवायला ग्रामोफोन लावतात. दरोडा यशस्वी! सगळं बिंग फुटतं ते एका पट्ट्यामुळे: चेलोच्या पेटीचा पट्टा दारात अडकतो, ओढाओढीत पेटी उघडते आणि म्हातारीसमोर नोटा. मग तिला मारायचं कोणी, यासाठी काड्या ओढतात. पाचही जण एकेक करून मरतात, तिने बोटही न उचलता. २००४ चा रिमेक कोएन बंधूंचाच, त्याबद्दल न बोललेलं बरं.

शेवटची_रांग

आता अवघड प्रश्न. गुन्हेगाराला शिक्षा व्हायलाच हवी का? आणि नसेल तर हे सिनेमे खुनाला गोड करतात या आरोपाला उत्तर काय?

निळी_शाई

शिक्षेचा इतिहासच मजेशीर आहे. अमेरिकेत १९३४ पासून निर्मिती संहिता (पडद्यावर काय चालेल याचे नियम) कडकपणे लागू होती, १९६८ मध्ये ती जाऊन सिनेमांची वयानुसार वर्गवारी आली. तोवर गुन्हेगार पडद्यावर सुटता कामा नये असा दंडक. ब्रिटिश 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' (१९४९) मध्ये लुई सरदारकीच्या वाटेतले नातेवाईक एकेक करून दूर करतो. ते आठही नातेवाईक एकट्या अॅलेक गिनेसने केलेत, त्यांत एक बाईही. गंमत बघा: त्यातले दोघं, जहाजाबरोबर बुडणारा हट्टी दर्यासारंग आणि बँकवाला म्हातारा, लुईच्या हातून मरतच नाहीत. आणि लुईला फाशीची शिक्षा होते ती त्याने न केलेल्या खुनासाठी. तिथून सुटतो, तुरुंगाच्या दारात आठवतं की कबुलीजबाब असलेल्या आठवणी कोठडीतच राहिल्या. ब्रिटिश प्रत इथे थांबते. अमेरिकी प्रतीत ती कागदपत्रं अधिकाऱ्यांच्या हाती पडलेली दाखवणारा तुकडा जोडावा लागला. एवढ्याशा तुकड्याने सिनेमा नैतिक झाला म्हणे. विनोद मात्र मेला.

'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' (चित्रीकरण १९४१, पण नाटक ब्रॉडवेवर चालू असल्याने प्रदर्शन १९४४) मध्ये दोन प्रेमळ आत्यांनी बारा एकाकी म्हाताऱ्यांना "सोडवलंय", तळघरात रीतसर दफनविधी करून. परागंदा गुन्हेगार भाचा घरी येतो, त्याचाही आकडा बाराच. बरोबरी झाल्याचं त्याला सहन होत नाही. संहितेच्या काळातही हे चाललं, कारण आत्या शेवटी वेड्यांच्या इस्पितळात जातात, तेही खुशीने.

कातरकाम

आरोपाचं उत्तर 'मॅन बाइट्स डॉग' (१९९२, बेल्जियम) मध्ये आहे, आणि ते आरोप करणाऱ्यांना आवडणार नाही. माहितीपटाच्या ढंगाचा कृष्णधवल सिनेमा. मारेकरी बेन्वा कॅमेऱ्यासमोर सांगतो की मुडदा बुडवायला वजनाच्या किती पट भार बांधावा, मूल असेल तर किती, म्हातारा असेल तर किती. सराईत कारागिराचा सूर, आपण हसतो. चित्रीकरण करणारे आधी नुसते बघतात, मग प्रेत उचलायला हात लावतात, मग एका घरातल्या अत्याचारात सामील होतात. तिथे हसू एकदम कापलं जातं आणि आतापर्यंत आपण कुठे हसलो याची उजळणी सुरू होते. हे मुद्दाम केलेलं आहे. त्यामुळे "गोड करतात" असं सरसकट म्हणता येत नाही.

गोड करणारे सिनेमे आहेतच की. ओळखायची खूण सोपी: त्यात सगळेच हजरजबाबी असतात. मारेकरी टाळीबाज वाक्य टाकतो, मरणारा टाळीबाज वाक्य टाकतो, हवालदारही. मग मूर्ख कोण? कोणीच नाही, म्हणून हसायला कारणही नाही. सोबत शिव्या, स्लो मोशन आणि जुनं गाणं. 'पल्प फिक्शन'नंतर हा कारखानाच निघाला. नक्कल करणाऱ्यांनी बडबड उचलली, पण ती बडबड एका मुदतीत अडकवलेली होती हे विसरले. ज्याच्या घरी गाडी लपवलीय त्या जिमीची बायको साडेनऊला घरी येणार, हाताशी ४० मिनिटं, त्यात गाडी धुवायची, सीटवर घरातल्या चादरी-रजया अंथरायच्या, कपडे बदलायचे. निस्तरायला बोलावलेला वुल्फ हे सगळं क्रमाने सांगतो. संवाद चटपटीत वाटतात ते घड्याळ चालू असल्यामुळे.

अर्धी_पटकथा

बारा मिनिटांच्या लघुपटाची पटकथा चालू आहे. दोन भाऊ, घरमालकाचा अपघाती मृत्यू, प्रेत कपाटात, संध्याकाळी घर बघायला गिऱ्हाईक येणार. पहिल्या खर्ड्यात विनोद संवादांतच अडकलाय. काय तपासू?

मसीबिंदू

बारा मिनिटं म्हणजे साधारण बारा पानं. संवाद सगळे झाका आणि फक्त कृती वाचा. तरी गंमत कळली पाहिजे.

मग एक तक्ता करा. उभ्या रांगेत दृश्यं, आडव्या रांगेत थोरला, धाकटा, गिऱ्हाईक आणि प्रेक्षक. प्रत्येक चौकोनात "याला आत्ता काय माहीत आहे" एवढंच. लागोपाठ दोन दृश्यांत तक्ता तसाच राहिला तर त्यातलं एक दृश्य फालतू आहे.

मृत्यू तिसऱ्या पानाच्या आत. त्याआधी पहिल्या पानावर एक निरुपद्रवी हसू हवंच, नाहीतर प्रेक्षक याला गंभीर सिनेमा समजून बसतो आणि पुढे हसायला धजत नाही. नंतर अडचणी तीनच, पण प्रत्येक अडचण आधीच्या उपायातून निघाली पाहिजे. प्रेत कपाटात बसावं म्हणून आतले कपडे बाहेर काढले. बाहेर कपड्यांचा ढीग दिसतोय म्हणून "घर रिकामं करतोय" अशी थाप. घर लगेच रिकामं मिळतंय म्हणून गिऱ्हाईक खुश, आत्ताच कपाटाचं माप घेतो म्हणतो. बाहेरून योगायोगाने टपकलेली अडचण एकदाच चालते, तीही सुरुवातीला. योगायोगाने संकट आलं तर लोक मान्य करतात, योगायोगाने सुटका झाली तर शिव्या घालतात.

शरीराचं गणितही बघा. मृत्यूनंतर दोनेक तासांत जबडा-मान ताठरायला लागते, बारा तासांच्या आसपास अख्खं शरीर लाकूड होतं, आणखी तेवढाच वेळ तसं राहून मग सैल पडतं. उकाड्यात हे सगळं लवकर. म्हणजे सकाळी बसवून कपाटात कोंबलेला माणूस संध्याकाळी बाहेर काढला तर बसलेलाच निघेल. हे फुकट मिळालेलं दृश्य आहे, वापरा. सत्तर किलोचं ढिलं शरीर एकट्याने उचलता येत नाही, ओढावं लागतं, आणि ओढताना गालिचा, चटई, पायपुसणं सगळं बरोबर येतं. पैशाची बॅग असेल तर तिचंही वजन करा: डॉलरची नोट एक ग्रॅमची, शंभराच्या नोटांत दहा लाख म्हणजे दहा किलो, विसाच्या नोटांत पन्नास. नट ती बोटावर झुलवत चालला की सगळं खोटं.

बूममाईक

चित्रीकरणासाठी थोडी भर. नकली रक्त: एक कप ग्लुकोज सिरप, दोन चमचे पाणी, चमचाभर लाल खाद्यरंग, निळ्या रंगाचे दोन-तीन थेंब आणि अर्धा-एक चमचा कोको पावडर. कोको नसेल तर ते सरबतासारखं पारदर्शक दिसतं. निळा जास्त झाला तर जांभळं. दिव्यांखाली ते चिकट होतं आणि माश्या येतात, त्यामुळे थोडं थोडं ओता. रंग कपड्यांतून सहज जात नाही, म्हणून डाग पडणाऱ्या नटाचे एकसारखे तीन शर्ट आणून ठेवा. डाग पडायच्या आधीची सगळी दृश्यं आधी उरकून घ्या. आणि रक्त दाखवायचं ते पुसताना दाखवा. उडताना दाखवायला पंप, नळ्या, आणखी शर्ट, आणि हसू त्यातून काहीच वाढत नाही.

प्रेताचं काम करणाऱ्या नटाचा श्वास लांबच्या शॉटमध्येही दिसतो. सैल शर्ट द्या, हात पोटावर ठेवू नका, शॉट वीस सेकंदांच्या वर नको. कपाटातल्या दृश्यांत दार बंद होताना मागची फळी काढलेली असू द्या, माणूस खरोखर आत कोंडला जाता कामा नये.

अर्धी_पटकथा

तक्ता केला. तीन दृश्यं जागच्या जागी उडाली. बसलेलं प्रेत तर घेतोच. फक्त शेवट अडलाय. गिऱ्हाईक पोलिस निघतो असा सध्या आहे.

शेवटची_रांग

पोलिस नको! ते बाहेरून आलेलं संकट आहे, आणि बाराव्या मिनिटाला.

मसीबिंदू

सहमत. गिऱ्हाईकाला गिऱ्हाईकच राहू द्या. कपाट त्याला आवडलंय ना? मग सामानासकट घर घेतो म्हणू दे. बयाणा टेबलावर ठेवू दे. थोरल्याला पैसे पाहिजेत, धाकट्याला कपाट पाहिजे, आणि दोघांनाही कारण उघडपणे बोलता येत नाही. तिथे दोन भावांच्या चेहऱ्यांचा एकच शॉट धरा, कपाट मधोमध, आणि हमाल जिन्यात आल्याचा आवाज टाका.

बूममाईक

हमालांचा आवाज आधी खालच्या मजल्यावरून, मग दाराशी. दोनच पायऱ्या, तिसरी नको. कपाट उचलताना एक हमाल नुसता "जड आहे" म्हणाला की तिथेच कट.